शाळा व ग्रामपंचायतींच्या संगणकांसाठी लिनक्स : नित्योपयोगी आज्ञावली आणि खेळांची निवड

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका सुरू होतो. शिरवळची औद्योगिक वसाहत, लोणंदची कांद्याची बाजारपेठ आणि खंबाटकीचा घाट यांमुळे हा तालुका सर्वपरिचित आहे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव हेही याच तालुक्यात आहे. अशा तालुक्यातील शाळा, ग्रामपंचायत कार्यालय किंवा सार्वजनिक ग्रंथालय यांना आज संगणक ही नवलाईची वस्तू राहिलेली नाही. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराज प्रणालीत नोंदविला जातो, शाळेची माहिती यू-डायस प्लसवर भरली जाते आणि शिक्षकांची वेतनदेयके शालार्थ प्रणालीत तयार होतात. आता प्रश्न संगणक असावा की नसावा हा नसून, असलेला संगणक किती वर्षे, किती सुरक्षितपणे आणि कोणत्या कामासाठी वापरावा हा आहे.

हा प्रश्न निकडीचा होण्यास एक तात्कालिक कारण घडले आहे. विंडोज १० या प्रणालीसाठी सर्वसाधारणपणे मिळणारा सुरक्षाविषयक आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. त्यानंतरच्या विंडोज ११ साठी नव्या पिढीचा प्रक्रियक आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आवश्यक ठरविण्यात आली आहे. परिणामी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले अनेक संगणक यंत्र म्हणून धडधाकट असूनही नव्या प्रणालीस अपात्र ठरतात. अशा वेळी संस्थेपुढे तीन मार्ग असतात. नवे संगणक विकत घेणे हा पहिला, जुनी प्रणाली तशीच चालू ठेवून विषाणू व माहितीचोरीचा धोका पत्करणे हा दुसरा, आणि त्याच यंत्रावर लिनक्स बसविणे हा तिसरा. पहिल्या मार्गास निधी लागतो. दुसरा मार्ग सार्वजनिक दप्तर सांभाळणाऱ्या कार्यालयास शोभणारा नाही. तिसऱ्या मार्गाचा विचार मात्र पुरेशा माहितीअभावी बहुधा होतच नाही. तो कसा करावा, हे येथे पाहावयाचे आहे.

लिनक्सची पार्श्वभूमी

१९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली कोणालाही वापरता, अभ्यासता, सुधारता आणि इतरांना देता यावी, हा त्यामागील विचार होता. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या मिलाफातून पूर्ण प्रणाली उभी राहिली. आज जगातील बहुसंख्य मोठे सेवा-संगणक याच गाभ्यावर चालतात आणि खिशातील ॲण्ड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे लिनक्स आपल्या परिचयाचा नाही असे वाटत असले, तरी तो गावोगावी यापूर्वीच पोहोचलेला आहे.

लिनक्स वेगवेगळ्या ‘वितरणां’च्या रूपाने मिळतो. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट, फेडोरा ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. भारतात सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये उपलब्ध करून दिले. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलींच्या स्वीकारासंबंधीचे धोरण जाहीर केले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता अकरावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाच्या २०१९ मधील पाठ्यपुस्तकात ‘जीएनयूखाता’ या मुक्त हिशेब-आज्ञावलीचा समावेश करण्यात आला. तेव्हा हा विषय शासनव्यवहारास किंवा शिक्षणास परका नाही.

एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. परवान्याचे मूल्य द्यावे लागत नाही, याचा अर्थ खर्च शून्य असा नव्हे. प्रणाली बसविण्यास वेळ लागतो, कर्मचाऱ्यांना नवी सवय लावावी लागते आणि अडचण आल्यास जाणकार माणूस लागतो. हा खर्च पैशात दिसत नसला तरी तो खरा असतो. त्याची तरतूद न करता केलेला बदल पहिल्या महिन्यातच मोडीत निघतो.

वितरणाची निवड

शाळा व कार्यालयासाठी वितरण निवडताना नावीन्यापेक्षा स्थैर्य पाहावे. उबुंटूची दीर्घकालीन आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते व तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्यावरच आधारलेले लिनक्स मिंट हे विंडोजची सवय असलेल्यांस लवकर अंगवळणी पडते, कारण खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातील सूची आणि फाइलींची मांडणी परिचित वाटते. डेबियन अधिक संथ गतीने बदलणारे, परंतु भरवशाचे आहे.

यंत्राच्या स्मृतीचाही विचार करावा. चार जीबी स्मृती असलेल्या संगणकावर ‘एक्सएफसीई’ हा हलका मेज-आविष्कार घ्यावा. आठ जीबी असल्यास मिंटचा ‘सिनॅमन’ किंवा उबुंटूचा ‘ग्नोम’ सुखाने चालतो. दोन जीबीच्या यंत्राकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्रणाली चालेल, परंतु आजची संकेतस्थळे उघडताना ते थकेल. जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी लहानशी एसएसडी बसविल्यास मात्र जुना संगणकही लक्षणीय वेगाने काम करू लागतो. मर्यादित निधी असेल तर तो प्रथम येथे खर्चावा.

लिनक्सची एक मोठी सोय अशी, की तो आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून, संगणकातील काहीही न पुसता, चालवून पाहता येतो. शाळेतील प्रक्षेपक, ध्वनी, बिनतारी जालजोडणी व छपाईयंत्र या चार गोष्टी अशा चाचणीत तपासाव्यात. छपाईयंत्राकडे विशेष लक्ष द्यावे. एचपीच्या बऱ्याच यंत्रांसाठी तयार चालक-आज्ञावली लिनक्सबरोबरच मिळते. मात्र कॅननची काही जुनी लेझर यंत्रे ‘कॅप्ट’ नावाच्या स्वतंत्र पद्धतीने चालतात व त्यांसाठी वेगळी खटपट करावी लागते. ही गोष्ट प्रणाली बदलल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

आधी कामांची यादी, मग आज्ञावली

आज्ञावलींची निवड नावांवरून करू नये, कामांवरून करावी. कार्यालयातील संगणकावर आठवडाभरात कोणकोणती कामे होतात, याची एक साधी यादी कागदावर लिहावी. बहुतेक ग्रामपंचायती व शाळांत ही यादी पुढीलप्रमाणे निघते : पत्रे व ठराव लिहिणे, तक्ते व हिशेब ठेवणे, शासकीय संकेतस्थळांवर माहिती भरणे, कागद स्कॅन करून पाठविणे, छायाचित्रे लहान करून चढविणे आणि कार्यक्रमात चित्रफीत दाखविणे.

पत्रे, तक्ते व सादरीकरण यांसाठी ‘लिब्रेऑफिस’ हा संच पुरेसा आहे. त्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली व त्याचा दर्शनी भाग मराठीतही वापरता येतो. संकेतस्थळांसाठी फायरफॉक्स किंवा क्रोमियम, टपालासाठी थंडरबर्ड, चित्रफितींसाठी व्हीएलसी आणि छायाचित्रांच्या संस्करणासाठी गिम्प यांची योजना करावी. कागद स्कॅन करण्यासाठी ‘सिम्पल स्कॅन’ आहे. अनेक पीडीएफ एकत्र जोडण्याचे काम ‘पीडीएफ अरेंजर’ करतो आणि शाळेचे हस्तलिखित वा अहवाल मांडण्यास ‘स्क्रायबस’ उपयोगी पडतो. एका कामास एकच आज्ञावली हा नियम प्रारंभी पाळावा. चार ब्राउझर व तीन लेखन-संच बसविल्याने सोय वाढत नाही, गोंधळ वाढतो.

फाइल जपून ठेवण्याचे स्वरूप कोणते असावे, हाही धोरणाचा भाग आहे. लिब्रेऑफिसचे मूळ स्वरूप ‘ओडीएफ’ हे २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याची रचना सर्वांस खुली असल्याने दहा-पंधरा वर्षांनी दुसऱ्या आज्ञावलीतही ती फाइल उघडण्याची शाश्वती अधिक असते. मूळ प्रत ओडीएफमध्ये ठेवावी व बाहेर पाठवावयाची अंतिम प्रत पीडीएफ करावी. तालुका कार्यालयाने एक्सेलमधील तक्ता मागविला असेल तर तो त्याच स्वरूपात पाठविता येतो. परंतु मॅक्रो असलेले गुंतागुंतीचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये हुबेहूब चालतीलच असे नाही. असे तक्ते कोणते, हे यादीत वेगळे नोंदवून ठेवावे.

जिथे थांबून विचार करावा

लिनक्स सर्व कामांस पुरा पडतो, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टॅलीसारखी हिशेबाची आज्ञावली विंडोजसाठी बनविलेली आहे. ई-ग्रामस्वराजमधील देयके अदा करताना व ई-निविदा भरताना अंकीय स्वाक्षरीचे यूएसबी साधन लागते. त्याची लिनक्ससाठीची चालक-आज्ञावली काही पुरवठादार देतात, काही देत नाहीत. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांबाबतही हीच दक्षता घ्यावी. तेव्हा ज्या संगणकावर देयके अदा होतात तो सर्वांत शेवटी बदलावा, किंवा त्यासाठी आधार चालू असलेली विंडोज प्रणाली ठेवावी. पाच संगणकांपैकी चार लिनक्सवर आणि एक विंडोजवर, ही व्यवस्था कमीपणाची मानण्याचे कारण नाही.

मराठीचा प्रश्न

ग्रामपंचायतीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक बाब मराठी मजकुराची आहे. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी कार्यालयांत कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख व योगेश अशा फॉण्टांत काम होत असे. या फॉण्टांची रचना समजून घेतली पाहिजे. त्यांत संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे संकेतच साठवितो आणि फॉण्ट त्या संकेतांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे दाखवितो. फॉण्ट नसला की चित्र नाहीसे होते व ग्रामसभेचा ठराव निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. जुन्या फाइली नव्या प्रणालीत ‘बिघडल्या’ अशी तक्रार होते, तिचे खरे कारण हे असते.

म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी जुन्या फॉण्टांतील फाइलींची यादी करून त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. त्यासाठी रूपांतरक मिळतात. मात्र रफार, जोडाक्षरे व अनुस्वार यांच्या बाबतीत चुका राहतात. कर आकारणीच्या नमुना ८ सारख्या नोंदींत नावातील एक मात्रा किंवा रकमेतील एक अंक बदलला, तरी मालमत्ताधारकास त्रास होतो. रूपांतरित प्रत मूळ छापील प्रतीशी दोघांनी मिळून, एकाने वाचून व दुसऱ्याने पाहून, ताडून घ्यावी. मूळ फाइल त्यानंतरही पुसू नये.

टंकलेखनासाठी लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट ही भारतीय मानकातील कळरचना अंगभूत असते. नवशिक्या विद्यार्थ्यास प्रथमपासून तीच शिकवावी, कारण ती सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांस ‘कागप’ रचना सोपी जाते. रेमिंग्टन वळणाची सवय असलेल्या जुन्या कर्मचाऱ्यांसाठी ‘आयबस’ व ‘एम१७एन’ या संचांतून पर्याय शोधता येतो. लोहित देवनागरी, नोटो, मुक्त हे युनिकोड फॉण्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. कार्यालयाने त्यांपैकी एकच ठरवून सर्व संगणकांवर बसवावा.

शाळेत खेळ कशासाठी?

संगणकावरील खेळ म्हटले की पालकांच्या कपाळावर आठी पडते आणि तिला कारणही आहे. परंतु माउस धरणे, कळफलकावर बोटे फिरविणे, सूचना वाचून कृती करणे व चुकल्यावर पुन्हा प्रयत्न करणे या गोष्टी लहान मूल खेळातूनच सहज शिकते. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत परिसरातील एका छोट्या मराठी शाळेत ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपवर लिनक्सच्या आधारे चालणारी ‘शुगर’ ही मुलांसाठीची रचना होती आणि तिच्यात चित्र, संगीत व स्मरणशक्तीचे खेळ हे धड्यांच्या बरोबरीने मांडलेले होते.

लिनक्सवरील शैक्षणिक खेळांत ‘जीकॉम्प्री’चा क्रमांक वरचा आहे. २००० मध्ये फ्रान्समध्ये त्याचा आरंभ झाला. ‘मला समजले’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्याचे नाव पडले आहे. सुमारे दोन ते दहा वर्षे वयाच्या मुलांसाठी त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. माउसची ओळख, मोजणी, घड्याळ, नकाशा, बुद्धिबळ अशी त्यांची व्याप्ती असून कृतींची कठीणता शिक्षकास ठरविता येते. चित्रकलेसाठी ‘टक्स पेंट’, टंकलेखनासाठी ‘टक्स टायपिंग’, आणि आज्ञा देऊन कासवाकडून आकृती काढवून घेणारे ‘केटर्टल’ हे प्राथमिक वर्गांस योग्य होत. ‘स्क्रॅच’ ब्राउझरमध्ये चालते व त्यात मुले स्वतःच लहान खेळ तयार करू शकतात. खेळणारा मुलगा खेळ घडविणारा होतो, हा त्याचा विशेष लाभ आहे.

माध्यमिक वर्गांसाठी ‘स्टेलॅरियम’ची शिफारस करावी लागेल. त्यात सुमारे १८ अंश उत्तर अक्षांश व ७४ अंश पूर्व रेखांश भरले की खंडाळ्यावरील त्या रात्रीचे आकाश पडद्यावर दिसते आणि संध्याकाळी अंगणात उभे राहून ते पडताळता येते. जालजोडणी नसली तरी त्याचे काम अडत नाही. जुन्या यंत्रावर ते जड वाटल्यास ‘केस्टार्स’ वापरून पाहावे. रसायनशास्त्रासाठी ‘कॅल्झियम’, भूगोलासाठी ‘केजिऑग्राफी’ ही साधनेही पाहण्यासारखी आहेत. निव्वळ मनोरंजनासाठी बुद्धिबळ, सुडोकू, पत्त्यांचे डाव, ‘सुपरटक्सकार्ट’ ही मोटारशर्यत आणि ‘फ्रीसिव्ह’ किंवा ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हे डावपेचांचे खेळ उपलब्ध आहेत.

तासिकेचे गणित

खेळ चांगला असणे वेगळे आणि वर्गात बसणे वेगळे. तीस मुलांच्या वर्गास पाच संगणक आहेत व तासिका चाळीस मिनिटांची आहे असे धरू. एका संगणकावर दोन मुले बसविली तर एका वेळी दहा मुले काम करतील आणि तीन पाळ्या कराव्या लागतील. प्रत्येक पाळीस तेरा मिनिटे येतात आणि उठबस वजा जाता जेमतेम दहा उरतात. ‘वेस्नॉथ’चा एक प्रसंग संपण्यास तासभर लागू शकतो. तो कितीही उत्तम असला तरी तासिकेत निरुपयोगी आहे. दहा मिनिटांत पूर्ण होणारा, दोघांनी आळीपाळीने खेळता येणारा आणि अर्धवट सोडला तरी काही न बिघडणारा खेळ हवा.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. यंत्रे थोडी असली की धीट मुले माउस सोडत नाहीत आणि मुली शेजारी उभ्या राहून पाहतात. यासाठी भाषणाची नव्हे, फलकावर लावलेल्या पाळीपत्रकाची गरज असते. माउस कोणाकडे, कळफलक कोणाकडे व पाचव्या मिनिटास अदलाबदल कोणाची, हे त्यात लिहिलेले असावे. नायगावच्या कन्येने देशातील मुलींस पाटीपर्यंत आणले. त्याच तालुक्यातील मुलीच्या हाती कळफलक येतो की नाही, हे आता पाळीपत्रकावर अवलंबून आहे.

खेळ बसविण्यापूर्वी शिक्षकाने तो स्वतः एकदा अखेरपर्यंत खेळून पाहावा व पाच प्रश्न विचारावेत : तो जालजोडणीविना चालतो काय? त्यात जाहिराती किंवा पैसे मागणारी खरेदी आहे काय? अनोळखी व्यक्तींशी संभाषण होते काय? त्यातील हिंसा वयास अनुचित आहे काय? त्याची भाषा मुलास समजते काय? ग्नोमच्या आज्ञावली-भांडारात अनेक खेळांपुढे वयाची शिफारस दिलेली असते, तिचाही आधार घ्यावा.

घरच्या संगणकावर मोठ्या मुलांस व्यापारी खेळ हवे असतात. स्टीम या विक्री-केंद्राने २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ ही सोय आणल्यापासून विंडोजसाठीचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालू लागले आहेत. तथापि फसवणूक-प्रतिबंधक आज्ञावली असलेले काही सामूहिक खेळ अद्याप चालत नाहीत. हे आधी तपासून मगच पैसे खर्च करावेत.

बसविणे व राखणे

आज्ञावली शक्यतो वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच घ्यावी. तेथील आज्ञावली तपासून ठेवलेल्या असतात व सुरक्षा-दुरुस्त्या त्याच वाटेने येतात. भांडारात नसलेल्या आज्ञावलीसाठी ‘फ्लॅटपॅक’ ही पद्धत आहे. परंतु ती अधिक जागा घेते, हे लहान एसएसडीच्या यंत्रावर लक्षात ठेवावे. कोठूनही उतरविलेल्या फाइली किंवा पायरेटेड प्रती बसवू नयेत. विद्यार्थ्यांसाठी वेगळे खाते उघडावे व प्रशासकीय परवलीचा शब्द मुख्याध्यापक व एका शिक्षकाकडेच असावा. प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

केरळ राज्याचा अनुभव या संदर्भात मोलाचा आहे. तेथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला, पुढे शाळांसाठी स्वतंत्र लिनक्स संच तयार करण्यात आला आणि २०१७ मध्ये त्या प्रकल्पाचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर झाले. या यशामागे शिक्षकांचे मोठ्या प्रमाणावर झालेले प्रशिक्षण हे प्रमुख कारण होते. महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस इत्यादींचे ध्वनिचित्र-पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत. केंद्रशाळेत एकत्र येऊन असा एक पाठ पाहणे व लगेच हाताने करून पाहणे, ही प्रशिक्षणाची स्वस्त व परिणामकारक रीत आहे.

बदलाचा क्रमही ठरवून घ्यावा. पहिल्या महिन्यात कामांची यादी, फाइलींच्या प्रती व पेन ड्राइव्हवरील चाचणी करावी. दुसऱ्या महिन्यात एकाच संगणकावर लिनक्स बसवून तो सर्वांनी वापरून पाहावा. तिसऱ्या महिन्यात आलेल्या अडचणींची नोंद वाचून उरलेल्या संगणकांचा निर्णय घ्यावा. हा निर्णय शाळा व्यवस्थापन समिती किंवा मासिक सभेपुढे ठेवून त्याची नोंद इतिवृत्तात करावी. कोणत्या यंत्रावर कोणती प्रणाली आहे, कोणत्या आज्ञावली आहेत व आधार कोणत्या वर्षी संपतो, याची एक पानाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीस जोडावी. शिक्षकाची किंवा ग्रामसेवकाची बदली झाली तरी ती नोंद कार्यालयात राहते आणि नव्याने येणाऱ्यास काम पुढे नेता येते.